वयाची पावडर

आमच्या चाळीतल्या दत्ताराम परबाचे दंड मी घडवले. तालमीत नेऊन नाही, पेला पाजून.

हे मी फुशारकीने सांगत नाही. चाळीतली माणसं फुशारकीने सांगतात, म्हणून खरं काय ते एकदा लिहून टाकतो. माझं शिक्षण चौथी, तेही मास्तर कंटाळले म्हणून. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर आमच्या सूनबाईला धरा, तिने तपासलंय. (बाकीचं चुकलेलं सगळं माझं.)

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मी अडतीस वर्षं डंकावर मिरची कुटली. मिरचीचं पोतं एका खांद्यावर घेऊन चालायचो, तेव्हा समोरचा माणूस आधी शिंकायचा आणि मग बाजूला व्हायचा. असा माझा दरारा! आमच्या चाळीत जिन्याखाली मारुती आहे. हनुमान जयंतीला सूर्योदयाबरोबर पहिला नारळ फोडायचा मान माझा. नियम एकच. नारळ एका हातात धरायचा, पायरीच्या दगडावर एक घाव, दोन भकलं. दुसरा घाव घालावा लागला तर मान गेला. एकतीस वर्षं मला दुसरा घाव माहीत नव्हता.

मग माझ्या आतड्यात नको ते निघालं. परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, किमो झाली, आणि पौष संपता संपता डॉक्टर म्हणाले, "आजोबा, सुटलात." रोग गेला खरा, पण जाताना माझे दंड घेऊन गेला. सदरा घातला की वाटायचं, दोरीवर वाळत घातलाय. आणि हनुमान जयंती होती अडीच महिन्यांवर.

चाळीचा सेक्रेटरी भेटायला आला. मोसंबी घेऊन आला तेव्हाच मी ओळखलं.

"आबा, यंदा तुम्ही आराम करा. नारळाचं बघू आम्ही."

"काय बघणार?"

"परबकाका आहेत ना."

दत्ताराम परब! माझ्या शेजारच्या खोलीतला, माझ्याच गावचा, माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठा दत्तू! जन्मभर टपालखात्यात शिक्के मारले त्याने. शिक्का मारायला जोर लागतो, असं तो म्हणतो. बायको गेल्यापासून चहा आणि बेकरीच्या कडक बटरवर जगत होता आणि जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीशी बोलायचा. हा माणूस माझा नारळ फोडणार?

"नारळ मीच फोडणार," मी म्हटलं. "आणि ती मोसंबी त्याला देऊन ये. त्याला गरज आहे."

हॉस्पिटलातल्या आहाराच्या मॅडमनी मला बोलावलं होतं. म्हात्रे मॅडम. वय एवढंसं, माझी नात शोभावी. माझ्यासोबत आमची ही होती. सूनबाई, म्हणजे श्वेता, औषधाच्या रांगेत. मॅडमनी माझ्या हातात एक मशीन दिलं. मूठ आवळायची, की काटा पुढे जातो. मी डोळे मिटून, मारुतीचं नाव घेऊन आवळलं. काटा थोडासा हलला. झोपेत कूस बदलावी तेवढाच.

"काकू, तुम्ही बघा बरं करून," मॅडम सहज म्हणाल्या.

हिने पर्स काखेत धरूनच आवळलं. काटा माझ्या पुढे निघून गेला!

"लाटण्याची सवय हो," ही म्हणाली आणि मशीन पदराने पुसून परत दिलं. (एवढा अपमान माझा किमोनेही केला नव्हता.)

मॅडम म्हणाल्या, "घाबरायचं काही नाही. उपचारात स्नायू झिजतात. ते परत भरायचे. अंडी, मासे, डाळ खायचीच. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं, बसायचं. रबरी चेंडू दाबायचा. आणि आजोबा, तुम्हाला आता वय प्रोटीन सुरू करू या."

"वय?" मी म्हटलं. "वय बहात्तर."

"हो, तरी चालतं. उलट या वयात जास्तच लागतं."

झालं! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वय प्रोटीन! म्हणजे वय झालेल्या माणसांची पावडर! लहान मुलांना बाळगुटी, बाळंतिणीला डिंकाचे लाडू, तसं थेरड्यांना हे. मी कोण? मिरचीच्या पोत्याचा धनी! आणि ही पोरगी मला म्हातारपणाची गुटी देते?

श्वेताने डबा आणला. डब्यावर सगळं इंग्रजी आणि एका पेल्याचं चित्र. पहिलवान नाही, दंड नाही, नुसता पेला. बघा म्हटलं, माझाच अंदाज खरा.

दुसऱ्या दिवसापासून श्वेता ऑफिसला निघायच्या आधी दोन चमचे पावडर कोमट दुधात ढवळून पेला माझ्या हातात द्यायची. "आबा, संपवा हं."

"गॅलरीत पितो. हवा लागते जरा," असं म्हणून मी बाहेर यायचो.

गॅलरीत दत्तू चहात बटर बुडवत बसलेला. त्याला बघितलं आणि मला सुचलं. जी वस्तू ज्याची, ती त्याला!

"दत्तू, घे."

"ह्यां काय?"

"पावडर आसा. वयाची."

"वयाची? मगे माका कित्याक?"

"तुजा वय झाला म्हणान! माज्यापेक्षा सहा महिन्यान मोठो तू. पी गुपचूप, आणि घरात बोलू नको."

मला वाटलं, चिडेल. पण तो पेल्याकडे बघत राहिला. मग दोन्ही हातांनी धरून हळूहळू प्यायला आणि ओठ पुसून म्हणाला, "गोड आसा रे." मी मनात म्हटलं, पी लेका पी, म्हातारा हो!

मग मी आणखी एक शहाणपणा केला. मॅडमनी सांगितलेला व्यायामही त्यालाच लावला. तो खुर्चीवरून उठायचा, बसायचा, मी शेजारी स्टुलावर बसून मोजायचो. "सात… आठ… कंबर वाकडी झाली, आठवा परत!" घरातून हिला नुसते आकडे ऐकू यायचे. "आज किती केलेत?" ही विचारायची. "वीस," मी सांगायचो. (खोटं नाही. वीस झालेच होते. कोणाचे, ते तिने विचारलं नाही.) रबरी चेंडूही देऊन टाकला. हातात चेंडू घेऊन फिरायला मी काय बालवाडीत आहे?

महिनाभराने एक दिवस जिन्यात धपधप पावलं वाजली. बघतो तर दत्तू दोन हातांत दोन पाण्याचे कॅन घेऊन वर येतोय! मधे थांबला नाही, भिंतीशी बोलला नाही. वर आला आणि मला म्हणाला, "काय आबा, बरो मा?" एवढं बोलून धापही लागली नाही त्याला!

मी वाकून बघितलं. कॅन भरलेलेच होते.

संध्याकाळी ही भाजी निवडताना म्हणाली, "परबभावजींच्या तोंडावर काय तेज आलंय ना हल्ली!"

"ऊन लागलं असेल."

"आणि दंड बघितलेत? बंडीच्या बाहेर आलेत."

"बंडी आटली असेल!"

"तुम्ही मात्र एवढी महागाची पावडर पिऊन आहात तिथेच," असं म्हणून तिने गवारीचं देठ मोडलं. मला वाटलं, माझंच काहीतरी मोडलं.

मग बरणीचा दिवस उजाडला. कैरीच्या लोणच्याची बरणी. झाकण घट्ट बसलेलं. मी टॉवेल लावून बघितला, गुडघ्यात धरून बघितलं, शिव्या घालून बघितल्या. झाकण ढिम्म. तेवढ्यात दत्तू पेपर मागायला आला. ही म्हणाली, "भावजी, जरा बघता का हो?" त्याने बरणी घेतली आणि बोलता बोलता, माझ्याकडे बघत, झाकण टुणकन काढून दिलं!

माझ्या घरात! माझ्या बरणीचं झाकण! माझ्या बायकोसमोर!

"अग्गोबाई!" ही म्हणाली. चाळीस वर्षांत माझ्यासाठी तिने 'अग्गोबाई' म्हटलं असेल तर ते मी जिन्यावरून घसरलो तेव्हा. वर लोणच्याची पहिली फोडही त्यालाच दिली.

मी ठरवलं, हा माणूस चोरून काहीतरी खातोय. शोधून काढायचं. त्याच्या खोलीत गेलो. फळीवर डबे हुंगले, चादर उचलून खाटेखाली बघितलं.

"काय हुडकतंस?" दत्तूने विचारलं.

"खरा सांग. तू खातंस काय?"

"तुजी पावडर."

"ती सोड रे! ती म्हाताऱ्यांची! तिना काय होता! दुसरा काय?"

"दुसरा काय नाय. चाय, बटर…" मग जरा आठवून म्हणाला, "सकाळी भिजवलेले काळे चणे खातंय मूठभर."

सापडलं! काळे चणे! घोडे उगाच धावतात का? मी त्याच दिवशी अर्धा किलो आणून भिजवले आणि सकाळी त्याची एक मूठ तर माझ्या तीन, अशा हिशेबाने खाल्ले. माझं आतडं डॉक्टरांनी कापून नुकतंच जोडलेलं, हे मी विसरलो. आतडं विसरलं नव्हतं. दुपारपासून पोटात ताशे वाजायला लागले. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. दिवसभर मी गॅलरीच्या एवढ्या फेऱ्या मारल्या की खालच्या मजल्यावरची बाई वर बघून म्हणाली, "आबांचा व्यायाम जोरात चाललाय!" आणि प्रत्येक फेरीला दत्तू आपल्या दारात चेंडू दाबत उभा. "आबा, हळू रे!"

त्याच आठवड्यात मॅडमकडे तपासणी होती. मी काट्यावर उभा राहिलो. मॅडमनी वजन बघितलं. मला उतरवून परत चढवलं. मग मुठीचं मशीन दिलं. काटा मागच्या वेळेच्याही मागे!

मॅडमचा चेहरा उतरला. "श्वेताताई, पावडर नियमित चाललीये ना?"

"रोज! मी स्वतः करून देते. दुसरा डबा संपत आलाय."

"आणि व्यायाम?"

"मी स्वतः मोजताना ऐकते," ही म्हणाली.

मॅडमनी दोन्ही वेळचे आकडे परत बघितले. मग म्हणाल्या, "दोन डबे जाऊन वजन घटतंय, ताकद घटतेय. मला डॉक्टरांना सांगावं लागेल. परत स्कॅन करून घेऊ या. काही असेलच असं नाही, पण बघायला हवं."

स्कॅन म्हटल्यावर श्वेताचे डोळे भरले. आणि आमच्या हिने, जी ऑपरेशनच्या दिवशीही डोळ्यांतून टिपूस न काढता बाहेर बाकावर बसून तांदूळ निवडत होती (घरून पिशवीत घेऊन आली होती), तिने माझं मनगट धरलं. एवढं घट्ट की मशीन तिथे लावलं असतं तर काटा तुटला असता.

आता तुम्ही सांगा, माणसाने ताठा किती धरावा? मी आढ्याकडे बघितलं. पंख्याकडे बघितलं. मग म्हटलं, "स्कॅन नको. मी प्यालोच नाही."

"काय?"

"पावडर. मी प्यालो नाही."

"मग दोन डबे प्यालं कोण?" श्वेता उठूनच उभी राहिली.

"दत्तू."

बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारला गेला.

"आणि व्यायाम?" हिने हळूच विचारलं. मनगट सोडलं नव्हतं.

"तोही दत्तूच. मी मोजायचो."

"पण का, आजोबा?" मॅडम म्हणाल्या.

"का म्हणजे? वय झालेल्यांची पावडर मी का म्हणून पिऊ? तुम्हीच म्हणालात ना, वय प्रोटीन!"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. डोळे मिटले. उघडले. मग कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं आणि माझ्यासमोर ठेवलं. 'व्हे.' व ला ह जोडलेला, त्यावर मात्रा. मी जोडाक्षर लावून वाचलं. व्हे.

"दूध नासवून पनीर काढलं की जे पाणी उरतं ना, ते व्हे. त्यातून ही पावडर काढतात. वयाशी काही संबंध नाही! जिममधली मुलंसुद्धा हीच घेतात."

"म्हणजे दंडवाली?"

"दंडवाली!"

म्हणजे दोन डबे दंड मी माझ्या हाताने, पेल्यात घालून, वर दमदाटी करून दत्तूच्या घशात ओतले होते! त्याची बैठक वाकडी झाली तर सरळ करून घेतली होती! लोणच्याची बरणी त्याने उघडली नव्हती हो, मीच उघडली होती. फक्त त्याच्या हातांनी!

टॅक्सीत ही भायखळ्यापर्यंत गप्प होती. (आमचं घर लालबागला. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगायचं कोणालाच सुचलं नव्हतं.) तिथे ती म्हणाली, "मला वाटलं, परत आलं ते." एवढंच. मग पदर तोंडाला लावला. मी समजलो, रडतेय. नीट बघितलं तर हसत होती. आणि रडतही होती. दोन्ही एकदम करता येतं तिला.

दुसऱ्या दिवसापासून मी पेला तिच्यासमोर बसून पिऊ लागलो. रिकामा पेला उलटा करून दाखवावा लागायचा. खुर्चीवर मी उठायचो, बसायचो, मोजायची ती. (आणि ती आठवा परत करायला लावत नव्हती, सरळ पहिल्यापासून लावायची.) हनुमान जयंतीला उरले होते तीन आठवडे.

पहिल्या दिवशी गॅलरीत गेलो तर दत्तू बसलेला. हातात स्वतःचा पेला, धुऊन पुसून.

"आज उशीर झालो?" तो म्हणाला.

काय सांगणार? मी म्हटलं, "पावडर संपली."

"बरां," तो म्हणाला. पेला खाली ठेवला नाही. तसाच हातात धरून बसला.

आमच्या हिने दारातून बघितलं. तेव्हापासून तिने त्याच्यासाठी रोज पेलाभर नाचणीचं सत्त्व करायला घेतलं. वेलची घालून! माझ्या पावडरीत कधी वेलची पडली नाही. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "तुमचे दंड यायचेत अजून. आल्यावर वेलची."

हनुमान जयंती आली. मी पहाटे आंघोळ करून, धोतर नेसून पायरीशी जाऊन उभा राहिलो. वजन थोडं वाढलं होतं, मूठही जरा वळत होती. सेक्रेटरीने नारळ उचलला, माझ्याकडे बघितलं, दत्तूच्या दंडांकडे बघितलं आणि नारळ दत्तूला दिला. अख्ख्या चाळीसमोर!

मी मारुतीला म्हटलं, देवा, दोन घाव लागू देत त्याला. एवढंच मागतो.

दत्तूने हात वर नेला. एक घाव. खण्ण! दोन भकलं, सुरीने कापल्यासारखी. पाण्याचा शिंतोडा माझ्या धोतरावर.

टाळ्या पडल्या. दत्तूने माईक हातात घेतला. टपालखात्यातला माणूस, जन्मात भाषण केलं नाही. म्हणाला, "ही ताकद माजी नाय. आबाची आसा."

मी मनात म्हटलं, मेलो.

"आमची ही गेल्यापासून माका सकाळी कोणी हातात पेलो दिल्यान नाय. आबान दिल्यान. सवता आजारी, सवताची पावडर, ती माका पाजल्यान. सवता बसान माजे व्यायाम मोजल्यान. घरात सांगू नको म्हणालो. एवढ्या मोठ्या मनाचो माणूस मी बघूक नाय." आणि हा एवढ्या दंडांचा माणूस भर चाळीत रडायला लागला!

बायकांनी डोळे पुसले. सेक्रेटरी धावत जाऊन शाल घेऊन आला. आमची ही आणि श्वेता शेजारी शेजारी उभ्या. दोघींनी तोंडावर पदर आणि ओढणी धरलेली, खांदे गदागदा हलताहेत. मी मान खाली घातली, ती वर काढायची हिंमत झाली नाही. लोक म्हणाले, "बघा किती नम्र!"

शाल आली, त्यावर श्रीफळ आलं. एकतीस वर्षं नारळ फोडला, तेव्हा शाल नाही मिळाली. दुसऱ्याने फोडला, तेव्हा मिळाली.

घरी आलो. ही म्हणाली, "आता हा फोडा. खोबरं खवते."

दार लावून घेतलं. स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो, नारळ हातात घेतला. तीन आठवड्यांची सगळी व्हे मनगटात गोळा केली आणि घातला घाव! खाड्‌कन आवाज झाला. नारळ तसाच. लादीला इथून तिथपर्यंत तडा.

ही वाकून लादी बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ताकद येतेय म्हणायची." आणि भिंतीवर थाप मारून हाक घातली, "परबभावजी, जरा येता का हो?"

आला. एक घाव, दोन भकलं. मी खोबऱ्याचा तुकडा चघळत बसलो आणि त्या दिवसाचा पेला स्वतःहून मागून घेतला. हिने दिला. प्यालो तर आत वेलची! म्हटलं, बहुतेक लादीच्या मानाची.

परवा हॉस्पिटलात नवीन नर्सने फॉर्म भरताना विचारलं, "आजोबा, वय?"

मी म्हटलं, "दिवसाला दोन चमचे. कोमट दुधातून."